काच बदलली की दार का रुसतं? स्टॉर्म डोअरच्या बाबतीत या चुका टाळा

आपल्याकडे फ्लॅटला सेफ्टी डोअर असतं ते चोरासाठी. अमेरिकेच्या थंड भागात मुख्य दारापुढे आणखी एक हलकं दार दिसलं की आपला माणूस तेच समजतो. पण स्टॉर्म डोअर चोरासाठी नसतं, हवेसाठी असतं. ॲल्युमिनियमची चौकट, बाहेरच्या बाजूला उघडणारं, आणि मधला भाग बदलता येणारा: उन्हाळ्यात जाळी, हिवाळ्यात काच.

मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पश्चिमेला लिव्होनियात आमचं १९६०च्या दशकातलं विटांचं बैठं घर आहे. मुख्य दार जुन्या लाकडाचं, म्हणून पुढे स्टॉर्म डोअर. पहिली काही वर्षं मी या दाराशी नुसती भांडत होते. कधी ते धाडकन आपटायचं, कधी लागायचंच नाही, कधी काचेवरून पाणी ओघळायचं. दर वेळी मला वाटायचं की दारच खराब आहे. मग हळूहळू लक्षात आलं की यातल्या बहुतेक तक्रारी दाराच्या नसतात, दोन दारांच्या मध्ये कोंडलेल्या हवेच्या असतात. ती हवा कुठून येते आणि कुठून जाते हे बघितलं की निम्मे बिघाड घरच्या घरी सुटतात.

जाळीची काच केली, पण क्लोजरला हात लावला नाही

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात होते. क्लोजर म्हणजे दार हळू बंद करणारी नळी. काही दारांना एक असतो, पूर्ण काचेच्या जड दारांना बहुधा वर आणि खाली असे दोन. जाळी असताना दार बंद होताना हवा जाळीतून निघून जाते, दाराला अडवणारं काहीच नसतं. तिथे काच बसवली की तीच हवा दोन दारांच्या मध्ये अडकते आणि उशीसारखी दाराला मागे रेटते. म्हणून ऑक्टोबरात काच लावली की दुसऱ्याच दिवशी तक्रार सुरू होते: ‘दार शेवटच्या दोन इंचांत थांबतं, खटका पडत नाही.’ याच्या उलट वसंतात जाळी लावली की तेच दार आपटायला लागतं.

यात कुलूप किंवा खटका बदलायची गरज नसते. आधी एक परीक्षा करा. मुख्य दार उघडं ठेवून स्टॉर्म डोअर सोडून द्या. आता ते व्यवस्थित लागलं आणि मुख्य दार बंद असतानाच लागत नसेल, तर दोष हवेचा आहे. नळीच्या टोकाला एक स्क्रू असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की दार हळू होतं, उलट फिरवला की जलद. एका वेळी पाव फेराच फिरवा आणि दार पाच-सहा वेळा उघडून-मिटून बघा. तेवढ्यानं भागलं नाही तर नळीच्या टोकाशी बहुतेक क्लोजरना दोन भोकं असतात. खीळ एकातून काढून दुसऱ्यात घातली की शेवटचा जोर बदलतो. खीळ काढताना दार दुसऱ्या कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, कारण नळीत स्प्रिंग असते आणि वाऱ्याच्या एका झोतात दार सुटून रेलिंगवर आदळू शकतं. वरच्या बाजूची साखळी नेमकी यासाठीच असते. दार जोडताना ‘राहू दे’ म्हणून ती पिशवीतच ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. पहिल्या मोठ्या वादळात त्यांच्या बिजागऱ्या वाकतात.

क्लोजरच्या दांड्याला तेल लावू नका. तेलाला धूळ चिकटते आणि आतलं सील खराब होतं. बिजागऱ्यांना मात्र वर्षातून एकदा सिलिकॉन स्प्रे द्या. कडाक्याच्या थंडीत क्लोजर सुस्तावतो, म्हणून जानेवारीत थोडं पुन्हा जुळवावं लागलं तर घाबरू नका.

काचेवर पाणी आलं म्हणून सगळं सील करून टाकलं

हिवाळ्यात स्टॉर्म डोअरच्या काचेला आतून दव धरतं, कधी त्याचा बर्फ होतो. लोक काय करतात, तर कॉकची, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाची, नळी आणून स्टॉर्म डोअरच्या चारही बाजू बंद करतात. दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे. काचेवरचं पाणी बाहेरून आलेलं नसतं, ते आपल्या घरातल्या हवेतून आलेलं असतं. कुकरची वाफ, आंघोळीची वाफ, हिवाळ्यात लावलेला ह्युमिडिफायर, ही सगळी ओल मुख्य दाराच्या फटीतून निसटते आणि गार काच भेटली की तिथे जमते. म्हणजे स्टॉर्म डोअर चांगलं बंद आहे, गळतंय ते मुख्य दार.

तपासायला एक डॉलरची नोट पुरते. मुख्य दार आणि चौकट यांच्या मध्ये नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अडकली तर तिथलं रबर ठीक आहे. अलगद निघून आली तर तिथून तुमची ऊब बाहेर जाते आहे. असं चारही बाजूंनी करा. आमच्याकडे बिजागरीच्या वरच्या कोपऱ्यात नोट इतकी सहज निघाली की मी दोनदा करून पाहिलं. ती एक पट्टी बदलली आणि त्या हिवाळ्यात काच कोरडी राहिली.

आणि कृपा करून स्टॉर्म डोअरचा तळ कॉकने बुजवू नका. वरून आणि दोन्ही बाजूंनी चौकटीमागे कॉक हवा, पण तळाशी पाण्याला जायला जागा सोडलेली असते. ती बंद केली की पाणी उंबरठ्यावर साचतं, लाकूड कुजतं आणि फेब्रुवारीत दार बर्फाने जागच्या जागी चिकटतं. शरद ऋतूतल्या सकाळी काच बाहेरच्या बाजूने ओली दिसली तर ते साधं दव आहे, त्याची काळजी नको.

उन्हाळाभर काचच ठेवली

‘कोण काढत बसतं’ म्हणून वर्षभर काच ठेवणं हे पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या दाराला महागात पडतं. ऊन काचेतून आत येतं आणि उष्णता मध्येच कोंडते. जवळच्या नोव्ही गावात आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचं नवीन फायबरग्लासचं दार आहे, गडद रंगाचं, पश्चिमेकडे तोंड करून. जुलैअखेर त्या दारातल्या छोट्या खिडकीभोवतीची प्लास्टिकची चौकट मेणासारखी लवली होती. मी बोट लावून पाहिलं तर वरची कड आत गेलेली आणि खालची पोट काढून बाहेर आलेली.

अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा सल्लाच असा आहे की ज्या दारावर रोज काही तासांहून जास्त थेट ऊन येतं तिथे काचेचं स्टॉर्म डोअर लावू नये. तोच विभाग हेही सांगतो की मुख्य दार जुनं पण सुस्थितीत असेल तर स्टॉर्म डोअर फायद्याचं, नवीन इन्सुलेटेड (ऊब धरून ठेवणाऱ्या) दारापुढे ते लावून विजेची-गॅसची फारशी बचत होत नाही. त्यामुळे नवीन घर घेतलेल्यांना माझं स्पष्ट मत: बचतीसाठी म्हणून ते घेऊ नका. वारा हवा, जाळी हवी, दारावरचा रंग पावसापासून वाचवायचा आहे, अशी कारणं असतील तर जरूर घ्या. आणि उन्हाचं दार असेल तर उन्हाळ्यात जाळीच हवी. निदान वरची काच खाली सरकवून हवेला वाट तरी ठेवा.

उलटी चूकही होते. जाळी हिवाळाभर तशीच राहते, भुरभुरणारा बर्फ तिच्यातून आत शिरतो, उंबरठ्यावर साठतो, आणि सकाळी मुख्य दार उघडलं की पायाशी ढेपाळतो.

मुहूर्त चुकला

काच आणि जाळी धरून ठेवणाऱ्या पट्ट्या बहुतेक प्लास्टिकच्या असतात. गोठवणाऱ्या थंडीत त्या ठिसूळ होतात आणि काढतानाच तुटतात. म्हणून काच बर्फ पडायच्या आत चढवायची. मी आपल्या पंचांगाशी गाठ घालून ठेवली आहे. घटस्थापनेच्या साफसफाईत जाळी उतरते, दसऱ्यापर्यंत काच लागते. उतरवायला मात्र गुढीपाडव्याची घाई करू नका, मिशिगनमध्ये एप्रिलमध्येही बर्फ पडतो. अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला जाळी लावली की बरोबर जमतं.

काच कोपऱ्यावर टेकवली

हे माझ्या हातून झालं आहे. काच उतरवली, दोन पावलं चालले आणि पोर्चच्या काँक्रीटवर एक कोपरा टेकवला. जोराने नाही, अगदी बेताने. एक फटका ऐकू आला आणि हातात काही उरलंच नाही. पायाशी खडीसाखरेएवढ्या तुकड्यांचा ढीग. टेम्पर्ड काच, म्हणजे तापवून कणखर केलेली सेफ्टी काच, पृष्ठभागावर दणका सोसते, पण तिची कड आणि कोपरा फार नाजूक असतात. काँक्रीट, फरशी, दगड यांवर ती कधी उभी करू नका. जुनी चादर दुमडून किंवा लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवर टेकवा. काम दोघांनी करा, पायात बूट आणि हातात मोजे घालून.

फुटली म्हणून कुठलीही साधी काच कापून बसवणं ही त्याहून मोठी चूक. अमेरिकेत स्टॉर्म डोअरमध्ये सेफ्टी काचच हवी असा केंद्रीय नियम १९७७ पासून आहे, आणि त्यामागे काचेत धावत घुसलेली मुलं आहेत. काचेच्या एका कोपऱ्यात टेम्पर्डचा बारीक छाप कोरलेला असतो, तो बघा. घरात त्याआधीचं दार अजून टिकून असेल आणि छाप दिसत नसेल, तर ती काच आधी बदला. लहान मुलं असतील तर त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर दोन स्टिकर चिकटवा.

काच बदलताना स्टॉर्म डोअर बंद करून, खटका लावून, घराच्या आतून काम करायचं. पट्ट्या आतल्याच बाजूला असतात. दार बंद असलं की चौकट काटकोनात राहते आणि काच मुकाट्याने बसते. उघड्या दारात तीच चौकट किंचित तिरकी होते आणि मग आपण काचेवर जोर करतो. पट्ट्या काढण्याआधी फोनवर एक फोटो घ्या आणि प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने ‘वर’, ‘डावी’ असं लिहा. दिसायला सारख्या असल्या तरी त्या सारख्या नसतात.

उतरवलेला भाग तळघरात उभा ठेवा, आडवा नको. आडव्या जाळीवर कुणीतरी खोके ठेवतंच. सुटे स्क्रू आणि क्लिपा एका पिशवीत घालून त्याच चौकटीला टेपने चिकटवा. सहा महिन्यांनी त्या शोधण्यात अख्खा रविवार जातो. दाराच्या बिजागरीकडच्या कडेवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं, त्याचाही फोटो काढून ठेवा. स्टिकर उन्हाने उडालं की एक साधी पट्टी मागवणंही अवघड होतं.

नवी जाळी तबल्यासारखी ताणली

जाळी फाटली तर सगळा भाग विकत घेऊ नका. जाळीचा रोल, रबरी दोरी म्हणजे स्प्लाइन, आणि ती दाबायचं छोटं चाक, एवढ्यात काम होतं. जुन्या दोरीचा तुकडा दुकानात घेऊन जा. जाडी अंदाजाने घेतली तर बारीक दोरी निसटते आणि जाड दोरी खाचेत बसतच नाही. नेहमीची फायबरग्लास जाळी इंचाला १८ बाय १६ धाग्यांची असते, डासांना ती पुरते. घरात कुत्रं असेल तर खालच्या भागाला पेट स्क्रीन, म्हणजे नखांना टिकणारी जाड जाळी घाला.

चौकट सपाट टेबलावर ठेवा आणि जाळी फक्त सरळ राहील इतपतच धरा. दोरी खाचेत जाताना जाळीला आपोआप ताण देते. आधीच ओढून धरली तर चौकटीच्या लांब बाजू कमरेसारख्या आत ओढल्या जातात, आणि मग ती दारात बसवल्यावर दोन्हीकडून डासांना मोकळा रस्ता. जास्तीची जाळी कापताना पात्याचं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा. आणि मुलांना सांगून ठेवा की जाळीवर रेलायचं नाही, ती माणसाचं वजन पेलत नाही.

दार तळाशी घासत असेल तर खालची रबरी झालर खूप खाली उतरली आहे का, हे बघा. हिवाळ्यात त्यात बर्फावर टाकलेलं मीठ अडकतं, ॲल्युमिनियमलाही ते खातं. कोमट साबणपाण्याने पुसलं की बरेचदा तेवढंच पुरतं.

रांगोळी आणि तोरण

हे आपल्या घरांपुरतं. स्टॉर्म डोअर बाहेर उघडतं, आणि त्याची झालर उंबरठ्यापुढची रांगोळी एका फटक्यात पुसून नेते. दार पूर्ण उघडून खडूने त्याच्या कडेची कमान आखून घ्या आणि रांगोळी तिच्या पलीकडे काढा. पणत्याही तिथेच ठेवा. फायबरग्लासच्या जाळीवर प्लास्टिकचा थर असतो, ज्योत जवळ आली की तिला भोक पडतं. मुख्य दारावर जाड तोरण बांधायचं असेल तर आधी दोन दारांमधलं अंतर मोजा. दोन्ही दारांच्या मुठीही तिथेच असतात, आणि तोरणाचे मणी काचेला लागत राहिले की काचेवर चरे पडतात. आम्ही तोरण आता स्टॉर्म डोअरच्या बाहेर, वरच्या लाकडी चौकटीला दोन लहान हुक लावून बांधतो. दार त्याच्याखालून मोकळं फिरतं.