मॅमोग्राफीचा रिपोर्ट धड ‘हो’ नाही, धड ‘नाही’ नाही? या चुका टाळा

असा रिपोर्ट आला की काही जणी रात्रभर जागतात, तर काही जणी तो कपाटात ठेवून देतात. दोन्ही टाळता येतं, कारण निदान संदिग्ध असलं तरी पुढे काय करायचं हे बहुतेक वेळा रिपोर्टमध्येच लिहिलेलं असतं. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा एक्स-रे. तिच्या रिपोर्टच्या शेवटी ‘बायरॅड्स’ (BI-RADS) हा शब्द शोधा. संशय किती आणि पुढे काय करायचं, हे त्याच्यापुढच्या आकड्यावरून कळतं. तो आकडा न बघता मधल्याच ओळी वाचत बसणं ही सगळ्यात मोठी चूक.

त्यातही ० फसवा आहे. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं समजून अनेक जणी निर्धास्त होतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ ‘तपासणी अजून पुरी झालेली नाही’ असा असतो. जास्तीचे व्ह्यू (वेगळ्या कोनांतून घेतलेले एक्स-रे), सोनोग्राफी किंवा जुन्या फिल्मशी तुलना बाकी असते. नेहमीच्या तपासणीनंतर असं परत बोलावलेल्या बहुतेकींना कॅन्सर नसतो, पण ते ठरायला परत जावंच लागतं. जाताना जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म किंवा सीडी न्या, नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही. तीच सावली चार वर्षांपूर्वीही तशीच होती, हे फक्त चित्रांवरूनच कळतं आणि कधीकधी प्रश्न तिथेच मिटतो.

आता एक नमुना बघा. ‘उजव्या स्तनात सूक्ष्म कॅल्सिफिकेशनचा पुंजका, मॅग्निफिकेशन व्ह्यू घ्यावा.’ म्हणजे कॅल्शियमचे बारीक ठिपके दिसले आहेत, त्या जागेचा मोठा करून एक्स-रे काढा. घरचे म्हणतात, आधी सोनोग्राफी करून घेऊ. ती नॉर्मल येते, सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि विषय संपतो. इथेच घोळ होतो. मिठाच्या कणांसारखे हे बारीक ठिपके सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसतच नाहीत. ठिपके मॅमोग्राफीने दाखवले असतील तर उत्तरही मॅमोग्राफीकडूनच मिळवा. गरज पडल्यास त्या ठिपक्यांची बायोप्सी (सुईने नमुना काढून तपासणं) मॅमोग्राफीच्या साहाय्याने घेता येते.

३ म्हणजे ‘बहुधा साधंच’. कॅन्सरची शक्यता २ टक्के किंवा त्याहून कमी. साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात. लगेच बायोप्सीसाठी हट्ट धरण्यापेक्षा मोठी चूक म्हणजे ती तारीख विसरणं. घरी परतण्याआधीच अपॉइंटमेंट घ्या. घरात जवळच्या नात्यात स्तनाचा कॅन्सर असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा, निर्णय बदलू शकतो.

४ मध्ये फार मोठा पल्ला आहे, २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून ए, बी की सी हे विचारा. ४ए मध्ये शक्यता १० टक्क्यांच्या आत असते, ४सी मध्ये ५० च्या वर. बायोप्सी मात्र तिन्हींत सुचवतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ या भीतीने ती लांबवू नका. त्या भीतीला आधार नाही आणि लांबवण्याचं नुकसान मात्र खरं आहे. शक्य असेल तिथे कोअर बायोप्सीबद्दल विचारा. बारीक सुईने फक्त पेशी येतात, कोअरमध्ये उतीचा तुकडा मिळतो आणि निदान जास्त खात्रीचं होतं.

धीर निघत नाही म्हणून परस्पर ट्यूमर मार्करची (कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणाऱ्या घटकांची) रक्ततपासणी किंवा पेट स्कॅन करू नका. नॉर्मल मार्करने कॅन्सर नाही असं ठरत नाही.

बायोप्सी ‘साधी’, म्हणजे कॅन्सर नसल्याची, आली तरी एक प्रश्न उरतो: ‘चित्रात दिसलं होतं त्याच्याशी हा निकाल जुळतो का?’ जुळत नसेल, तर बायोप्सी पुन्हा घ्यावी लागते किंवा तो भाग काढून तपासावा लागतो. हा प्रश्न निःसंकोच विचारा.

आणि हाताला गाठ लागत असेल, स्तनाग्रातून रक्त येत असेल किंवा त्वचा आत ओढल्यासारखी दिसत असेल, तर मॅमोग्राफी नॉर्मल आहे म्हणून थांबू नका. दाट स्तनांत ऊतीही पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच, त्यामुळे ती लपू शकते. डॉक्टरांच्या हाताने तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्याच.