एकाच निगेटिव्हवर ओहोटी आणि भरती

१९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्रांची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. ठाणे-नवी मुंबईत हा आकडा अनेकांनी ऐकलेला असतो, पण तो डोळ्यांसमोर उभा राहत नाही. फिल्म कॅमेऱ्यात एकाच निगेटिव्हवर दोनदा, एकदा ओहोटीला आणि एकदा भरतीला, चित्र घेता येते, आणि पाण्याची चढउतार दाखवायला मला ही पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

ऐरोली किंवा वाशीच्या बाजूला, जिथे पावसाळी नाला खाडीला मिळतो अशी जागा शोधावी आणि कांदळवनात न शिरता जेट्टीवरून किंवा बांधावरून चित्र घ्यावे. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचे पाणी खाडीत उतरत नाही, वस्तीत तुंबते. समुद्राची पातळी जितकी वर जाईल, तितका हा निचरा अवघड होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तो दिवस ज्यांनी अनुभवला, त्यांना नाल्याचे मुख दाखवले की फारसे समजवावे लागत नाही.

पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत मोठी भरती येते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे द्वितीयेला दुपारी दीडच्या सुमारास भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी साडेसातला, ओहोटी. खाडीत आतवर पाणी थोडे उशिरा पोहोचते, म्हणून भरतीचे वेळापत्रकही पाहून घ्यावे.

४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता) कृष्णधवल फिल्म घालून कॅमेऱ्यावरची आयएसओची तबकडी ८०० वर ठेवावी आणि दोन्ही वेळा प्रकाश नव्याने मोजावा, म्हणजे प्रत्येक खेपेस निम्मा प्रकाश पडून बेरीज बरोबर होते. पहिले चित्र झाल्यावर रिवाइंडची कळ घट्ट धरून, कॅमेऱ्याच्या तळाचे बटण दाबून लिव्हर फिरवावी. शटर सज्ज होते आणि फिल्म जागेवरच राहते. ट्रायपॉडच्या पायांपाशी खडूच्या खुणा कराव्यात.

दुसरे चित्र मुख्यतः पहिल्याच्या गडद भागात उमटते, हे सर्वांत महत्त्वाचे. माझ्या पहिल्या रोलमध्ये आकाश दोन्ही वेळा चौकटीत आले आणि तिवराचे शेंडे त्या पांढऱ्यात विरून गेले. कॅमेरा खाली झुकवल्यावर मात्र काळ्या चिखलातून वर आलेली बोटभर श्वसनमुळे, त्यांत अडकलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि त्या सगळ्यावरून सरकणाऱ्या दुपारच्या लाटा एकत्र उमटल्या.

चित्राखाली ठिकाण, तारीख, तिथी आणि दोन्ही वेळा लिहाव्यात. रोजची भरती चंद्र-सूर्याच्या ओढीने येते. तिलाच हवामान बदलाचा पुरावा म्हणून दाखवणे ही फसवणूक ठरेल. फिल्म घरी धुणार असाल, तर वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, ते मोरीत ओतू नये. चांदी काढून घेणाऱ्या लॅबकडे द्यावे.

मोठ्या आकाराचे प्रिंट गणेशोत्सवाच्या मंडपात, येणाऱ्यांच्या नजरेच्या उंचीवर लावावेत. शेजारी एक पेन्सिल बांधून ठेवावी आणि कोळीवाड्यातल्या जाणत्यांना विचारावे, की २००५ च्या त्या जुलैत पाणी कुठवर चढले होते. त्यांनी ती रेघ प्रिंटवरच ओढावी.