छर्ऱ्याच्या बंदुकीवर दुर्बीण बसवताना माउंट कसा निवडायचा, कसा आवळायचा

दिवाळीनंतर खानापूरकडचा ओळखीचा एक पोरगा बंदूक घेऊन माझ्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या शॉपवर आला. म्हणाला, "काका, स्कोपच बाद निघालाय. परत पाठवायलोय." दोन डबे छर्रे संपवले होते त्यानं. दहा छर्रे एका जागी, पुढचे दहा चार बोटं वर. मी बंदूक बाकावर आडवी घेतली आणि दिव्याखाली रेल, म्हणजे बंदुकीच्या पाठीवरची खाचेची पट्टी, बघितली. माउंटच्या (दुर्बीण रेलवर धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) पुढं, जिथं काळा थर असायला हवा होता, तिथं साधारण दीड मिलिमीटरची चकचकीत घासलेली पट्टी होती. दुर्बीण शाबूत होती. माउंट रेलवरून मागं सरकत होता आणि पोरगा बिचारा दर वेळी दुर्बिणीवरचा नेम जुळवायचा नॉब फिरवून त्याच्या मागं धावत होता.

माझं आयुष्य मिलिंग मशिनवर गेलं. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, ते फिक्श्चरमध्ये धरायचं आणि माप काढायचं. मशिन कितीही भारी असू दे, जॉब केसभर हलला की माप गेलं. बंदुकीवर दुर्बीण हा जॉब आणि माउंट हे फिक्श्चर. लोक दुर्बिणीला सहा-सात हजार घालतात आणि खोक्यात फुकट आलेल्या पातळ कड्यांवर ती बसवतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण नेम धरणाऱ्याचा त्यात काही दोष नसतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्याकडं बहुतेकांच्या हातात असते ती स्प्रिंगची, नळी मोडून भरायची एअर रायफल. 4.5 मिलिमीटर बोअर आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणं तिला परवाना लागत नाही, त्यापुढं लागतो. आणि शेतात मोर आले, वानरं आली म्हणून कुणी ही बंदूक उचलत असेल तर त्याला मी माउंट बसवून देत नाही. वन्यजीव कायदा 1972 पासून आहे, आणि भीमगडचं अभयारण्य आपल्या शेजारच्या खानापूर तालुक्यात आहे. कागद, डबे, लोखंडी चकत्या यांवर नेम धरा. दहा मीटरच्या स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलांना तर दुर्बीण लागतच नाही, तिथं बारीक भोकाचीच साइट चालते.

आता स्प्रिंगच्या बंदुकीचा स्वभाव. घोडा ओढला की पिस्टन पुढं धावतो आणि बंदूक मागं ढकलली जाते. पिस्टन पुढच्या टोकाला पोचून थांबतो, तेव्हा तीच बंदूक पुढं हिसका खाते. हा दुसरा हिसका तीक्ष्ण असतो. बंदूक पुढं जाते, वजनदार दुर्बीण जागेवर राहू बघते, म्हणजे रेलच्या हिशेबानं ती मागं सरकते. दारूच्या काडतुसाच्या रायफलीत उलटं होतं, तिथं दुर्बीण पुढं सरकू बघते. म्हणून दुर्बीण घेताना ती एअरगनसाठी बनवलेली आहे ना हे विचारा. दुसऱ्या रायफलीसाठीची चांगली दुर्बीणसुद्धा या दुहेरी धक्क्यानं आतून ढिली होते.

माउंट घेण्याआधी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप काढायची जबड्यांची पट्टी, हातात घ्या. व्हर्नियर नसेल तर कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाऊन माप काढून आणा, दोन मिनिटांचं काम आहे. एअरगनच्या रेलला सगळे सरसकट 11 मिलिमीटर डव्हटेल (दोन्ही बाजूंना तिरप्या लांब खाचा असलेली रेल) म्हणतात, पण प्रत्यक्षात ती साडेनऊपासून साडेतेरापर्यंत कुठंही असते, आणि खाचेचा कोनही कंपनीगणिक बदलतो. कोन जुळला नाही तर माउंटचा जबडा पूर्ण पृष्ठभागानं धरत नाही, नुसत्या एका कडेनं धरतो. तपासायची सोपी रीत सांगतो. रेलच्या खाचेला मार्करची शाई लावा, माउंट हलका आवळा, सोडा, आणि शाई कुठं पुसली ते बघा. पूर्ण लांबीत पुसली असेल तर उत्तम. नुसते दोन ठिपके पुसले असतील तर तो माउंट परत करा.

तुमच्या रेलवर आडव्या खाचा असतील तर ती डव्हटेल नव्हे, वीव्हर किंवा पिकाटिनी. पिकाटिनीची खाच 5.23 मिलिमीटर रुंद आणि दोन खाचांच्या मध्यांमधलं अंतर सगळीकडं सारखं, 10.01 मिलिमीटर. वीव्हरची खाच 4.57 ची, अंतराचा नेम नाही. वीव्हरचा माउंट पिकाटिनीवर बसतो, उलटं बहुधा जमत नाही. आवळण्याआधी माउंट खाचेत एका बाजूला टेकवून घ्या: स्प्रिंगच्या बंदुकीवर मागं दाबून, काडतुसाच्या रायफलीवर पुढं दाबून. ज्या दिशेला तो जाणार आहे तिथं आधीच टेकलेला असला की जायला जागा उरत नाही.

कड्याचा व्यास दुर्बिणीच्या नळीएवढाच हवा, 25.4 किंवा 30 मिलिमीटर. दोन सुटी कडी की अखंड एक माउंट? स्प्रिंगला अखंड घ्या. पकड लांब मिळते आणि कडी एका रेषेत राहतात. चार नव्हे, शक्यतो सहा-आठ बोल्ट असलेला. आणि खाली स्टॉप पिन आहे का ते नक्की बघा, ही छोटी पिनच सगळं काम करते. बंदुकीच्या वरच्या अंगाला एक-दोन भोकं असतात, पिन त्यात उतरवायची, माउंट मागं ओढून पिन भोकाच्या मागच्या कडेला टेकवायची, मग जबडे आवळायचे. पिन तळाला जोरानं दाबू नका, माउंट रेलवरून उचलला जातो.

उंची शक्य तितकी कमी ठेवा. दुर्बिणीची पुढची, भिंग असलेली घंटा बंदुकीच्या नळीला टेकता कामा नये, दोन-तीन मिलिमीटर फट पुरे. उगाच उंच माउंट घेतला की गाल दस्त्याला टेकत नाही, मान अधांतरी राहते.

बसवताना सगळे बोल्ट आणि रेल थिनरनं पुसून तेल काढा. कडी सैल ठेवून दुर्बीण पुढंमागं करा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल आपसूक टेकू द्या, मग डोळा उघडा. कडेनं काळी सावली न येता गोल पूर्ण दिसला पाहिजे, तोही सगळ्यात जास्त झूमवर. मग उभी रेघ सरळ करायची. मी गवंड्याचा ओळंबा वीस मीटरवरच्या आंब्याच्या फांदीला बांधतो, रेलवर लहान लेव्हल ठेवून बंदूक सरळ धरतो आणि दुर्बिणीतली रेघ त्या दोऱ्यावर आणतो. ओळंब्याला वारा लागत असेल तर तो पाण्याच्या बादलीत बुडवा, लगेच थांबतो.

कड्याचे बोल्ट तिरपे, आळीपाळीनं, पाव-पाव आट्यानं आवळा. दोन्ही बाजूंची फट सारखी हवी, मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघतो. दीड ते दोन न्यूटन-मीटर पुरे होतं. तेवढा ताण द्यायला अॅलन कीचा आखूड पाय दोन बोटांनी धरला तरी भागतं. पहिल्या वर्षी मी लांब पाय धरून आवळलं होतं. दुर्बिणीची नळी दबली आणि झूमची चकती अर्ध्यात अडकली, ती दुर्बीण परत सुधारली नाही. निळं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंकासारखा द्राव) लावायचंच तर खालच्या जबड्यांच्या बोल्टला लावा, कड्यांना नको.

नॉबचे नेम वर न्यायचे क्लिक संपले तरी छर्रा खालीच लागतो, अशी तक्रार घेऊन पुष्कळजण येतात. मोडणाऱ्या नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं असतं, म्हणून असं होतं. मागच्या कड्याच्या बुडाशी शीतपेयाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी घाला. तो पत्रा साधारण 0.1 मिलिमीटर असतो. कड्यांमधलं अंतर 100 मिलिमीटर असेल तर वीस मीटरवर छर्रा दोन सेंटिमीटर वर येतो. दोन पट्ट्यांपर्यंत ठीक. त्यापुढं दुर्बिणीच्या नळीवर पीळ पडतो, मग मागं उंच असलेला किंवा उंची बदलता येणारा माउंटच घ्यावा लागतो.

झिरो, म्हणजे दुर्बिणीतली रेघ आणि छर्रा एका जागी आणणं, आधी दहा मीटरवर, मग वीसवर. पाच छर्रे मारा, मगच नॉबला हात लावा. एका छर्ऱ्यावर विश्वास ठेवून क्लिक फिरवू नका. पाव मिनिटाची दुर्बीण (एका क्लिकला कोन अंशाच्या साठाव्या भागाचा पाव हिस्सा बदलणारी) असेल तर वीस मीटरवर एक क्लिक दीड मिलिमीटरला जरा कमी पडतो, म्हणजे तीन सेंटिमीटरला वीस क्लिक. स्प्रिंगची बंदूक घट्ट आवळून धरू नका, पुढचा हात नुसता खाली ठेवा.

झिरो झाला की माउंटच्या मागच्या कडेला लागून रेलवर पांढऱ्या मार्करनं एक बारीक रेघ ओढा, कड्याला लागून दुर्बिणीच्या नळीवर दुसरी. पन्नास छर्ऱ्यांनंतर बघा. रेघ माउंटखाली गेली असेल तर तो सरकलाय, दुर्बिणीला दोष देऊ नका. त्या पोराच्या बंदुकीवर पिनवाला अखंड माउंट बसवून हीच रेघ मी ओढून दिली. मार्गशीर्षात तो परत आला तेव्हा तीनशेवर छर्रे झाले होते आणि रेघ जिथल्या तिथं होती.

जांबोटी-कणकुंबीकडं राहणाऱ्यांनी पावसाळ्यात बंदूक कापडी पिशवीत ठेवू नये. पिशवी ओल धरते आणि बोल्टच्या षटकोनी खाचेत गंज चढतो, मग की घसरते. जूनमध्ये प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर तेलाचा एकच थेंब काडीनं लावा, रेलला लागू देऊ नका.