फॉरमॅट शोधायला निघण्याआधी

"एक फॉरमॅट मिळेल का?" कायद्याच्या ग्रंथालयात टेबलामागे बसणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न दिवसातून चारदा तरी ऐकावा लागतो. कशाचा, असं विचारलं की उत्तर येतं, "अ‍ॅफिडेव्हिटचा." आणि ते द्यायचंय कुठे, असं विचारलं की समोरचा माणूस फोन काढून घरी विचारायला जिन्यात जातो. पुण्यात नमुन्यांना तोटा नाही. तोटा आहे तो कुठला नमुना हवा हे ठरवून येणाऱ्यांचा.

तेव्हा निघण्याआधी अर्ध्या कागदावर चार ओळी लिहा: कोण लिहून देणार, कोणाला, कशाबद्दल, आणि कागद शेवटी कुठल्या खिडकीत जाणार. चौथी ओळ सगळ्यात कामाची, कारण त्या खिडकीचा स्वतःचाच नमुना असेल तर माझ्याकडे यायची गरजच नाही. माहिती अधिकाराचा अर्ज घ्या. राज्याच्या नियमांना 'जोडपत्र अ' लावलेलं आहे. विषय एकच, मजकूर १५० शब्दांत आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एवढंच. सोसायटीचं काम असेल तर आदर्श उपविधींच्या, म्हणजे सोसायटीच्या नियमांच्या, पुस्तकातच मागे नामनिर्देशनापासून हस्तांतरणापर्यंतचे अर्ज छापलेले असतात. सेक्रेटरींच्या कपाटात ते पुस्तक धूळ खात पडलेलं असेल, मागून घ्या. नवा फ्लॅट घेत असाल तर राज्याच्या २०१७ च्या रेरा (स्थावर संपदा कायद्याच्या) नियमांना विक्रीकराराचा आदर्श मसुदा जोडलेला आहे. बिल्डरचा करार आणि तो मसुदा शेजारीशेजारी ठेवून एक संध्याकाळ काढा, काय गाळलंय ते लगेच दिसतं.

खिडकीचा नमुना नसेल तर पुढची पायरी म्हणजे कायद्याचं नाव शोधणं. मूळ अधिनियम 'इंडिया कोड' या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहेत, आणि पुष्कळ कायद्यांच्या शेवटी अनुसूचीत नमुने असतात. तिथवर कोणी पान उलटत जात नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेला ए ते एच अशी परिशिष्टं आहेत आणि 'ए'मध्ये वादपत्रांचे, म्हणजे दावा लावताना कोर्टात द्यायच्या कागदाचे, नमुने आहेत. उसने दिलेले पैसे परत मागायचा नमुना अर्ध्या पानात बसतो. अमुक दिवशी इतके रुपये दिले, अमुक दिवशी परत करायचे होते, केले नाहीत, दाव्याचं कारण कधी घडलं, या कोर्टाला अधिकार का आहे, दाव्याची किंमत किती, मागणी काय. बारा पानांचं वादपत्र लिहून आणणाऱ्यांना मी मुद्दाम ते पान दाखवतो. लागू पडत असेल तर हेच नमुने वापरावेत, असं संहितेनंच ऑर्डर ६, नियम ३ मध्ये सांगितलंय. उत्तराधिकार प्रमाणपत्रासाठी, म्हणजे सक्सेशन सर्टिफिकेटसाठी, १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ३७२ उघडा. अर्जात कुठकुठली माहिती हवी याची यादी तिथे आयतीच आहे.

फौजदारी कागदांचं मात्र एक लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता जाऊन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि कलमांचे आकडे बदलले. पोटगीचं १२५ आता १४४ झालं. त्याहून फसवं म्हणजे ४८२. पूर्वी हा आकडा उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचा होता, आता तोच अटकपूर्व जामिनाचा आहे. कपाटातल्या जाड खंडांतला नमुना जसाच्या तसा उतरवलात, तर मागायचं एक आणि मागितलं भलतंच अशी गत होईल.

आता पिशवी. ओळखपत्र, चष्मा, वही आणि पेन्सिल. पेन नको, पुस्तकाजवळ पेन दिसलं की आमच्या कपाळावर आठी पडते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जाणार असाल तर आधी फोन करून विचारा. लॉ कॉलेज रस्त्यावरचं आयएलएस विधी महाविद्यालय १९२४ पासून उभं आहे, पण अशी ग्रंथालयं मुळात तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असतात, बाहेरच्याला परवानगी लागते. शिवाजीनगर कोर्टातलं बारचं, म्हणजे वकिलांच्या संघटनेचं, ग्रंथालय वकिलांसाठी, तिथे ओळखीच्या वकिलांबरोबर जाणं बरं. आत गेल्यावर 'फॉरमॅट' न मागता तुमच्या कागदावरची तिसरी आणि चौथी ओळ वाचून दाखवा. बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, कुलमुखत्यारपत्र, लिव्ह अँड लायसन्स (घर भाड्याने द्यायचा करार) असं नाव घेतलंत तर आम्ही नेमक्या कपाटाकडे जातो. पुस्तक हातात आलं की आधी आवृत्तीचं वर्ष पाहा. मग एकाच विषयाचे दोन-तीन नमुने काढा आणि सगळ्यांत समान असलेली कलमं वहीत उतरवा. ती बहुधा आवश्यक असतात. एकातच आहे ते त्या पक्षकाराच्या गरजेचं असतं, तुमच्या कामाचं असेलच असं नाही.

घर-जमिनीच्या कागदांसाठी माझ्या मते सगळ्यात चांगला नमुना ग्रंथालयात नाहीच. तो तुमच्याच इमारतीतल्या शेजाऱ्याचा नोंदलेला दस्त. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, सिटी सर्व्हे नंबर, चतुःसीमा सगळं एकदा तपासून गेलेलं असतं. शेजारी देत नसेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, निघते. त्यावरून दस्त क्रमांक घेऊन दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयात, नकलेचा अर्ज करता येतो. पुण्यातली ही कार्यालयं 'हवेली' आणि पुढे क्रमांक अशा नावाने ओळखली जातात, तेव्हा दस्त ज्या कार्यालयात नोंदला असेल त्याचा क्रमांकही टिपून ठेवा.

इंटरनेटवरून घेणार असाल तर दोन प्रसंग सांगतो. एक काका लिव्ह अँड लायसन्सचा मसुदा छापून घेऊन आले होते. कोथरूडचा फ्लॅट, कोथरूडचेच दोघे, आणि नवव्या कलमात वाद झाल्यास दिल्लीच्या न्यायालयाचा अधिकार. काकांनी नावं बदलली होती, बाकी एक अक्षरही वाचलं नव्हतं. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची. त्यांच्या मसुद्यात 'नोटरी करावी' असं होतं. दुसरा प्रसंग एका मुलीचा. तिनं मराठी मृत्युपत्राची फाइल उतरवली, उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. फाइल श्रीलिपीत टाइप केलेली होती, तिच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नव्हता. तेव्हा मराठी नमुना युनिकोडमध्ये आहे का ते आधी पाहा, नाहीतर पीडीएफ घ्या आणि स्वतः टाइप करा. टाइप करताना तरी तो वाचला जातो. '१०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर' अशी सूचना दिसली की समजा, मसुदा बहुधा जुना आहे. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात बऱ्याच कागदांना शंभराच्या जागी पाचशे आले. एआयकडून लिहून घेतलंत तर प्रत्येक कलमाचा आकडा इंडिया कोडवर पडताळा. नसलेली कलमं घेऊन आलेले लोक मी पाहिलेत.

नमुना भरायला बसाल तेव्हा 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' वगैरे मजकूर राहू द्या, त्याचा त्रास नसतो. त्रास होतो तो नावांचा. आधारवर एक, सातबाऱ्यावर दुसरं, तर दोन्ही लिहा. उतरवलेल्या नमुन्यातलं 'पत्नी' तुमच्या बहिणीपुढे राहून गेलं नाही ना ते बघा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही आणि स्टॅम्पही लागत नाही, पण ज्यांना काही मिळणार आहे त्यांची साक्ष घेऊ नका. स्थावराचं हक्कसोडपत्र मात्र नोंदवावंच लागतं, आणि सही केल्यापासून चार महिन्यांत ते नोंदणीला हजर करायचं असतं.

मुदतीचा कागद असेल तर तारीख सगळ्यात वर लिहा. चेक परत आल्याची बँकेची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे, मग समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस. उत्तम भाषेतली नोटीस पस्तिसाव्या दिवशी पाठवून उपयोग नाही. नुसता नमुना पुरेल की नाही अशी शंका आली, तर शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. १५१०० या क्रमांकावर आधी विचारता येतं. जाताना भरलेला मसुदा आणि ते चार ओळींचं चिठोरं दोन्ही न्या.

आणि पेन्सिल घरूनच आणा. माझ्या टेबलावरून नेलेली एकही अजून परत आलेली नाही.