रंगाचा हात, नटाचा हात

पेंटर मंडळी रंगाच्या थराला ‘हात’ म्हणतात. अस्तराचा एक हात, रंगाचे दोन. नाटकासाठी थर्मोकोलच्या वस्तू करून त्यांवर संरक्षक थर, म्हणजे कोटिंग, चढवायच्या कामात नवा होतो तेव्हा तीन हात झाले की आपण सुटलो, असं मला वाटायचं. चौथा हात नटाचा असतो आणि कोटिंग मुळात त्याच्यासाठीच असतं, हे कळायला मला एक खांब घालवावा लागला.

कॉलेजची एकांकिका होती. पडका वाडा, मधोमध सात फुटी दगडी खांब. कोरीव काम झकास उतरलं होतं, वर फेविकॉल लावून मांजरपाटही चढवला होता. प्रयोगाच्या आदल्या रात्री कुणीतरी म्हणालं, दगडाला जरा काजळी पाहिजे. हाताशी काळ्या रंगाचा स्प्रे कॅन होता. स्प्रेनं थर्मोकोल विरघळतो हे मला ठाऊक होतं, पण वर कापड आहे ना, मग काय होतंय, म्हणून फवारला. पृष्ठभागावर काहीच दिसलं नाही. उलट खांब छान जुना वाटायला लागला आणि मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याची भूमिका करणारा मित्र वाक्य बोलत खांबाला टेकला आणि त्याचा हात मनगटापर्यंत आत गेला. पठ्ठ्यानं हात बाहेर काढला नाही. उरलेला प्रवेश तसाच, खांबात हात ठेवून रेटला. नंतर खांब कापून पाहिला. कापडाच्या विणीत जिथे फेविकॉल नीट भरला नव्हता, तिथून स्प्रेमधला थिनर आत उतरला होता. बाहेर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि आत नारळ मावेल एवढ्या गुहा.

थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिन. त्यात ९८ टक्क्यांच्या आसपास हवाच. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांच्यापुढे ते टिकत नाही. त्यामुळे लॅकर, एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी, स्प्रे कॅन, ऑइल पेंट आणि चामडं-लॅमिनेट चिकटवायचं पिवळसर रबर सोल्युशन, यातलं काहीही उघड्या थर्मोकोलला लावायचं नाही. फायबरवाले वापरतात ते पॉलिस्टर रेझिनही नाही. त्यात स्टायरिनच असतं, म्हणजे ज्यापासून थर्मोकोल बनतो तेच. इपॉक्सी चालतं, पण त्याची गंमत वेगळी आहे. मोठ्या डब्यात एकदम कालवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेनं तापतं, आणि जाड ओतलं तर खालचा थर्मोकोल आकसून बसतो. थोडं थोडं कालवायचं, पातळ लावायचं, हातात मोजे घालायचे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की पाठ सोडत नाही.

आधी समोरचा फोम कोणता आहे ते ओळखा. दाणे दिसतात तो थर्मोकोल. दाणे नसलेला, गुलाबी किंवा निळ्या रंगाच्या पाट्यांत मिळणारा तोही पॉलिस्टायरिनच, फक्त घट्ट. गादीवाल्याकडचा मऊ फोम पॉलियुरेथेनचा. त्याला थिनरचं तेवढं भय नाही, पण तो वाकतो, म्हणून त्यावर कडक कोट टाकला की पहिल्याच तालमीत तडे जातात. चपलेच्या सोलचा किंवा जमिनीवर टाकायच्या मॅटचा असतो तो ईव्हीए. हा चिलखतं, मुकुट यांना उत्तम. एक गोष्ट कानाला खडा लावून लक्षात ठेवा. तापलेल्या तारेनं थर्मोकोल कापतात म्हणून त्याच तारेनं पॉलियुरेथेन कापायला जाऊ नका, त्याचा धूर विषारी असतो. तिथे करवत किंवा धारदार सुरी. थर्मोकोलसुद्धा खिडक्या उघड्या ठेवूनच कापावा.

आता कापड-फेविकॉल, कारण नव्या माणसाच्या हातून नव्वद टक्के काम याच मार्गानं होतं. पांढरा फेविकॉल आणि पाणी, पहिल्या हाताला निम्मे-निम्मे. तो नुसता थर्मोकोलवर मारून वाळू द्यायचा. बहुतेक जण इथेच घाई करतात. मग कापड. सपाट भागाला मांजरपाट. नाक-डोळे, नक्षी, बोटं अशा ठिकाणी बँडेजची जाळी, कारण मांजरपाट खोबणीत उतरत नाही आणि कोरलेली नक्षी लाडवासारखी गोल होते. कापड तळहाताएवढ्या तुकड्यांत फाडायचं, कात्रीनं कापायचं नाही. फाटक्या कडेचे धागे एकमेकांत मिसळतात, कापलेल्या कडेची रेघ रंगाखालूनही दिसते. तुकडे एकमेकांवर बोटभर चढवत जायचं, खालची हवा बोटानं बाहेर काढायची.

ते वाळलं की फेविकॉलमध्ये खडूची पावडर कालवून धिरड्याच्या पिठाइतकं दाट मिश्रण करायचं आणि त्याचे दोन हात. दगड हवा असेल तर त्यातच बारीक चाळलेली वाळू किंवा लाकडाचा भुसा. मग पॉलिशपेपर, तोंडाला मास्क बांधून. शेवटी अंधारात आडवी बॅटरी धरून वीण न् वीण पाहायची. एखादं भोक राहिलं असेल तर ते याच वेळी दिसतं. माझ्या खांबाच्या वेळी ही बॅटरी धरली असती तर म्हाताऱ्याचा हात वाचला असता. तरी स्प्रे नकोच, काजळीसाठी पाण्यातला काळा रंग आणि स्पंज पुरतो.

पीओपी अनेकांना मोहात पाडतं. गुळगुळीत होतं, झटकन वाळतं, स्वस्त पडतं. पण ठिसूळ. सेट एकदाच उभा राहणार असेल, कॅमेरा लांब असेल, तर खुशाल वापरा. नाटक दौऱ्यावर जाणार असेल, तर टेम्पोतून दुसऱ्या गावात उतरेपर्यंत कोपऱ्यांचे पोपडे निघालेले असतात. भिंतीच्या पुट्टीचंही तेच.

पावसाळ्याचं स्वतंत्र सांगायला हवं, कारण पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेची गडबड नेमकी त्याच दिवसांत असते. ऑगस्टमध्ये फेविकॉल वाळता वाळत नाही. वरचा थर वाळलासा वाटतो, खालचा ओला राहतो, आणि चार दिवसांनी कापडातून कुबट वास येऊन काळे ठिपके उमटतात. पंखा लावा, थर पातळ ठेवा, आणि दोन हातांमध्ये हाताचा मागचा भाग टेकवून पाहा. गार लागलं तर अजून ओलं आहे. हे मला गोरेगावच्या एका सेटवर मोल्डिंगच्या काकांनी शिकवलं. मी त्यांना विचारलं, “काका, वाळलं का?” ते म्हणाले, “मला काय विचारतोस, त्याला विचार,” आणि माझा हात धरून खांबाला लावला.

साधा पांढरा फेविकॉल वाळल्यावरही पाण्यानं पुन्हा मऊ पडतो. उघड्यावरच्या चित्ररथाला तो एकटा पुरत नाही. त्यावर गच्चीला लावतात ते ॲक्रिलिक वॉटरप्रूफ कोटिंग द्यावं. जाड बसतं, थोडं लवचीक असतं, पाण्यातलं असल्यानं थर्मोकोलला खात नाही. माझ्या मते नवख्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातली सगळ्यात कामाची बादली हीच. मात्र आधी प्रत्येक कड आणि खालची बाजू बंद करा. लोक तळाला कोटिंग करतच नाहीत आणि पाणी तिथूनच चढतं.

मऊ फोमच्या गदेला लॅटेक्सचे, म्हणजे द्रवरूप रबराचे, पातळ हात द्यावेत. अमोनियाचा वास नाकात झिणझिण्या आणतो, पण वाकवलं तरी तडकत नाही. ईव्हीएला आधी हीट गन फिरवायची, पृष्ठभागावर हलकी चमक आली की त्याची छिद्रं मिटली असं समजायचं, मग पाण्यातलं लवचीक अस्तर आणि रंग. मोठ्या स्टुडिओंत आणि थीम पार्कांत पॉलियुरियाचा कडक कोट मशिननं गरम फवारतात, तो काही सेकंदांत घट्ट होतो. ते काम शिकलेल्या माणसाचं. दोन भागांचे पॉलियुरेथेन रंगही साधा मास्क लावून फवारायचे नाहीत. त्यातल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो.

आगीबद्दल भाबडेपणा नको. कापडाची त्वचा थर्मोकोलला अग्निरोधक करत नाही. तो वितळत, थेंब गाळत, काळा धूर सोडत जळतो. हॅलोजनच्या दिव्यापासून लांब ठेवा. आग लागायच्या कितीतरी आधी तो नुसत्या उष्णतेनं बसतो. ज्या प्रवेशात खरी पणती आहे, त्या प्रवेशातली वस्तू लाकडाची करा आणि दिग्दर्शकाशी खुशाल भांडा. गणपतीच्या मखराचा प्रश्नच मिटला आहे. राज्यात २०१८च्या अधिसूचनेनं सजावटीचा थर्मोकोल बंद झाला. तिथे पुठ्ठा आणि कागदाचा लगदा.

शिकायचं कुठे, असं बरेच जण विचारतात. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे एफटीआयआयमध्ये, कलादिग्दर्शनाचा अभ्यासक्रम आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नेपथ्य शिकवतात. तिथे रचना, मापं, नकाशे येतात. कोटिंगचा हात मात्र वर्कशॉपमध्येच बसतो, आणि तिथे पहिले काही महिने तुमच्या हातात पॉलिशपेपरच असतो. कंटाळू नका. कुठला थर कुठे सुटतो हे पॉलिशपेपर धरणाऱ्यालाच आधी कळतं.

मी कुठलंही नवं मिश्रण आधी वीतभर तुकड्यावर लावतो, मागे तारीख आणि प्रमाण लिहितो, आणि दुसऱ्या दिवशी नखानं ओरबाडतो, कोपऱ्यावर आपटतो, ओल्या फडक्यानं पुसतो. वस्तू करायला घेण्याआधी नटाला विचारतो, याला कुठे धरणार, कुठे टेकणार? तो दाखवतो तिथे पेन्सिलीनं फुली मारतो. फुलीच्या जागी कापडाचे दोन थर, बाकी ठिकाणी एक. आणि प्रयोगाला जाताना डब्यात फेविकॉल, जाळीचे तुकडे, खडूची पावडर, त्या वस्तूच्या रंगाची एक बाटली आणि हेअर ड्रायर असतो. पहिल्या आणि दुसऱ्या अंकाच्या मधल्या दहा मिनिटांत मुठीएवढा पोपडा त्यानं बुजतो, त्याहून मोठा नाही.