विंडोज १० वरून ११ वर जाताना जुनंच लायसन्स कसं वापरावं

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ११ वर जायचं म्हणजे नवं लायसन्स घ्यावं लागणार, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तुमचं १० अस्सल असेल आणि कॉम्प्युटर ११ च्या अटींत बसत असेल, तर अपग्रेड फुकट आहे.

बहुतेक घरगुती कॉम्प्युटरवर आता 'डिजिटल लायसन्स' असतं. म्हणजे तुमच्या मशीनची, मुख्यतः मदरबोर्डची, ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते. त्यामुळे फॉरमॅट मारा नाहीतर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, लायसन्स शाबूत राहतं. मदरबोर्ड बदलला की मात्र गडबड होते.

म्हणून पहिलं काम: सेटिंग्जमध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी' आणि त्यात 'ॲक्टिव्हेशन' उघडा. लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटशी जोडलेलं नसेल तर तिथूनच जोडून घ्या. पुढे मदरबोर्ड बदललाच, तर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये याच अकाउंटने हक्क सांगता येतो. तिथेच आवृत्ती होम आहे की प्रो, तेही बघून लिहून ठेवा.

मग 'पीसी हेल्थ चेक' हे मायक्रोसॉफ्टचं मोफत ॲप चालवा. ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधली तशी सोय) लागतं. इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा. टीपीएम नाही असं उत्तर आलं तर लगेच हिरमुसू नका. पुष्कळदा ते असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या मशीनवर ते पीटीटी नावाने सापडतं, एएमडीवर एफटीपीएम नावाने. प्रोसेसरच जुना असेल तर आडवाटेने ११ घुसवण्याच्या युक्त्या आहेत, पण अशा मशीनला पुढे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. रोजच्या कामाच्या कॉम्प्युटरवर मी तरी तसं करणार नाही.

फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये हात घालण्याआधी हे करायचं, नंतर नव्हे.

यानंतर विंडोज अपडेटमध्ये ११ दिसत असेल तर तिथूनच, नाहीतर 'इन्स्टॉलेशन असिस्टंट' वापरून अपग्रेड करा. फाइल्स आणि प्रोग्रॅम जागच्या जागी राहतात, आणि प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सचा कोड, कुणी विचारत नाही. पाटी कोरी करून इन्स्टॉल करायचं असेल, तर 'मीडिया क्रिएशन टूल'ने ८ जीबीचा पेनड्राइव्ह तयार करा. या वाटेने गेलात तर की मागितली जाऊ शकते, आणि नेमके इथेच लोक अडकतात. 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा आणि आधी लिहून ठेवलेलीच आवृत्ती घ्या. होमच्या लायसन्सवर प्रो टाकलं तर ते ॲक्टिव्हेट होणार नाही. इंटरनेट जोडलं की बाकीचं आपोआप होतं.

जागच्या जागी केलेलं अपग्रेड पटलं नाही, तर १० दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत १० वर जाता येतं.

लायसन्स दुसऱ्या कॉम्प्युटरवर न्यायचं असेल तर ते कसं आलं होतं ते आठवा. वेगळं विकत घेतलेलं रिटेल लायसन्स जुन्या मशीनवरून काढून नव्यावर टाकता येतं. कॉम्प्युटरसोबतच आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनबरोबरच संपतं.