गुडघ्याला सेन्सर बांधताय? या चुका टाळा

गुडघा किती वाकतो ते मोजणाऱ्या सेन्सरचा डबा उघडायचा, पट्टे आवळायचे, 'सुरू' दाबायचं आणि पडद्यावर नागमोडी रेघ उमटली की खूश व्हायचं. नवशिक्यांचा हा आनंद मला आता बघवत नाही. रेघ काय, टेबलावर पडलेला सेन्सरही काढतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे घाईतलं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजणीआधी शून्य ठरवणं. बऱ्याच प्रणाली रुग्णाला ताठ उभं राहायला सांगतात आणि त्या क्षणीचा गुडघ्याचा कोन शून्य धरतात. धडधाकट माणसाच्या बाबतीत हे खपून जातं. पण शस्त्रक्रिया झालेला गुडघा पूर्ण सरळ होत नाही, हीच तर तक्रार असते!

सांधा बदललेले एक काका आमच्याकडे यायचे. तीन आठवडे त्यांच्या अहवालात 'गुडघा पूर्ण सरळ, 0 अंश'. काका मात्र म्हणायचे, "अहो, झोपलो की गुडघ्याखालून अजून हात जातो." आम्ही ते हसण्यावारी नेलं. मग नवीन आलेल्या एका मुलीने सहज गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावला, तर 14 अंशांची कसर! दर वेळी आम्ही त्यांना वाकलेल्या गुडघ्यानेच उभं करत होतो आणि तेच शून्य धरत होतो. शिवाय प्रत्येक आकडा तेवढ्याने घसरत होता: गुडघा 90 अंश वाकला तरी अहवालात 76. त्यावर विसंबून वाकवण्याचे व्यायाम वाढवले होते आणि सरळ करण्याचे जवळपास बंद केले होते. म्हणजे नेमकं उलटं.

तेव्हापासून कॅलिब्रेशनआधी मी गोनिओमीटर काढतोच. खुब्याचं बाहेरचं हाड, गुडघ्याच्या बाहेरचा उंचवटा आणि बाहेरचा घोटा या तीन खुणा पकडून उभ्याचा कोन मोजतो आणि तोच प्रणालीत भरतो. भरायची सोय नसेल तर कागदावर लिहून हाताने मिळवतो. दोन मिनिटं जातात. ज्यांना ती जड वाटतात त्यांनी मोजण्याच्या भानगडीत पडूच नये.

दुसरं दुखणं लोखंडाचं. सेन्सरमधला जायरोस्कोप फिरण्याचा वेग देतो, कोन त्या वेगाची बेरीज करून काढावा लागतो. सेकंदाला 0.1 अंशाची चूक असली तरी मिनिटभरात 6 अंश साचतात. पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे कललेलं गुरुत्वाकर्षणाच्या आधारे अॅक्सिलरोमीटर (त्यातलाच प्रवेग मोजणारा भाग) सावरतो. पण उभ्या अक्षाभोवतीचं वळणं त्याला कळत नाही. ते काम मॅग्नेटोमीटरकडे, म्हणजे होकायंत्रासारख्या भागाकडे, आणि तो पॅरलल बारच्या (चालण्याच्या सरावाच्या कठड्यांच्या) किंवा व्हीलचेअरच्या शेजारी गेला की भरकटतो. पाय आत वळतोय असं दाखवणारे कितीतरी आलेख खरं तर पलंगाच्या लोखंडी चौकटीचे असतात. मी मॅग्नेटोमीटर सरळ बंद ठेवतो, नोंदी छोट्या घेतो. सेन्सर आधी दहा मिनिटं चालू ठेवून गरम होऊ देतो, कारण तापमान बदललं की जायरोची चूकही बदलते. नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी रुग्णाला त्याच जागी पाच सेकंद निश्चल उभं करतो. दोन्ही कोनांत 3 अंशांहून जास्त फरक दिसला की नोंद बाद. हा 3 चा आकडा माझा, ग्रंथातला नव्हे.

बाकीच्या चुका किरकोळ वाटतात, पण रोज दिसतात. सेन्सर पोटरीच्या मांसावर बांधू नका, पाऊल टेकताच मांस थरथरतं; नडगीच्या आतल्या बाजूला जिथे हाड थेट कातडीखाली लागतं तिथे बांधा. जागेवर पेनाने खूण करून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळचा फरक पायाचा की पट्ट्याचा हे कळणार नाही. जायरोची कमाल मर्यादा सेकंदाला 250 अंशांवर ठेवू नका. झपझप चालताना नडगी ती सहज ओलांडते आणि आलेखाचं टोक छाटलं जातं. मांडीवरच्या आणि नडगीवरच्या दोन सेन्सरची घड्याळं वेगवेगळी असतील तर सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही एकत्र धरून टेबलावर तीनदा आपटा, नंतर आलेखातले ते ठोके जुळवा. गावठी उपाय आहे, पण मला कधी दगा दिलेला नाही.

आणि वॉकर धरून चालणाऱ्या आजींच्या मनगटावर घड्याळ बांधून पावलं मोजू नका. हात वॉकरवर, त्यामुळे हलत नाही. आजी खोलीभर फिरून दमतात आणि घड्याळ म्हणतं, त्या बसूनच आहेत. घोट्याला बांधा.